बाबांना अटॅक आला, म्हणजे मलाही येणार का? रक्तवाहिनीतला थर, जनुकं आणि खर्रा

ज्यांना इअरफोन लावून ऐकायला वेळ नाही, किंवा एसटीत नेटवर्क जातं म्हणून भाग अर्धवट राहिला, त्यांच्यासाठी हा आजचा भाग लेखी स्वरूपात. बोलण्यातलं बोलणं तसंच ठेवलंय, फक्त थोडं नीटनेटकं केलंय.

आजचा विषय एका व्हॉइस नोटवरून निघाला. यवतमाळ जिल्ह्यातल्या केळापूर तालुक्यातून आलेली. (तालुक्याचं नाव केळापूर, पण तहसील, बाजार, दवाखाना सगळं पांढरकवड्याला, हे तिकडच्यांना सांगायला नको.) पोरगा पंचविशीतला. म्हणतो, "माह्या बाबाले अठ्ठेचाळिसाव्या वर्षी अटॅक आला. त्याच्या आधी मोठ्या बाबाले आला होता. सगळे म्हणतात तुमच्या घराण्यातच आहे. मंग मले बी येईन काय? आन् येणारच असन, तर खर्रा सोडून काय फायदा?"

शेवटचं वाक्य पुन्हा ऐका. "येणारच असेल तर सोडून काय फायदा?" आजचा सगळा भाग या एका वाक्याला उत्तर आहे. कारण हा प्रश्न त्याच्या एकट्याचा नाही. घरात कुणाला लवकर अटॅक आला की पुढच्या पिढीची दोन टोकं होतात. एक घाबरून जातं, दुसरं सोडून देतं. दोघांचाही हिशोब चुकतो.

आधी हे बघू, थर साचतो कुठे?

आपल्याकडे डॉक्टरांनी "नस ब्लॉक आहे" म्हटलं की डोळ्यांसमोर ठिबकची नळी येते. पाण्यातला क्षार साचत गेला, भोक बारीक झालं, पाणी थांबलं. समजायला सोपं आहे, पण अर्धंच खरं आहे.

ठिबकच्या नळीत क्षार आतल्या पोकळीत बसतो. आपल्या रक्तवाहिनीत मात्र प्लाक, म्हणजे हा चरबीचा थर, भिंतीच्या आत तयार होतो. भिंतीला सगळ्यात आतून एक पातळ अस्तर असतं, एका पेशीच्या जाडीचं. रक्तात फिरणारे एलडीएलचे कण, ज्याला आपण वाईट कोलेस्टेरॉल म्हणतो, या अस्तरातून आत शिरतात आणि तिथेच अडकतात. अडकलेल्या कणांमध्ये रासायनिक बदल होतात. शरीराला वाटतं, काहीतरी परकं घुसलं. मग पांढऱ्या पेशी साफसफाईला येतात, ती चरबी गिळतात, गिळून गिळून फुगतात आणि तिथेच मरतात. वर्षानुवर्षं हेच चालू राहिलं की भिंतीत एक गळू तयार होतं. आत मऊ चरबी, वर एक टोपी.

ही टोपी जाड असेल तर माणूस अनेक वर्षं काही न होता जगतो. ती पातळ असेल आणि एक दिवस फुटली, तर आतला माल रक्ताला लागतो, तिथे झटकन गुठळी होते आणि वाहिनी बंद पडते. हृदयाची वाहिनी असेल तर अटॅक, मेंदूची असेल तर लकवा. म्हणूनच "काल तर चांगला शेतात होता" असं होतं. अटॅक अचानक येतो, पण त्याची तयारी कितीतरी वर्षं आधीपासून चालू असते.

किती आधीपासून? १९५३ साली अमेरिकी लष्करी डॉक्टरांनी कोरियाच्या युद्धात मेलेल्या ३०० सैनिकांच्या हृदयाच्या वाहिन्या तपासल्या. सरासरी वय २२. धडधाकट पोरं. त्यातल्या ७७ टक्के जणांच्या वाहिन्यांत या आजाराच्या खुणा सापडल्या. आता कळलं ना, हा विषय आपल्या वयाच्या लोकांसाठी का आहे ते? आजार दिसतो पन्नाशीत, पण त्याचं खातं विशीतच उघडलेलं असतं.

सिकलसेल आणि हा आजार, दोन्ही घराण्यातले. पण सारखे नाहीत

विदर्भात सिकलसेल माहीत नाही असा माणूस क्वचित. शाळेत, आश्रमशाळेत तपासण्या होतात, लग्नाआधी तपासा म्हणून सांगतात. तिथे गणित सरळ आहे. एक जनुक, एक बदल. आई-वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के. खर्रा खा किंवा खाऊ नका, भाकर खा किंवा पोळी, त्या २५ टक्क्यांत फरक पडत नाही.

"आमच्या घराण्यात अटॅक आहे" म्हणताना आपल्या डोक्यात नकळत हेच गणित असतं. पण रक्तवाहिनीतला थर बहुतेक वेळा तसा चालत येत नाही. त्यात एक-दोन नाही, शेकडो जनुकीय जागांचा हात असतो. प्रत्येकीचा वाटा अगदी छोटा. कुणी एलडीएल थोडं वाढवतं, कुणी बीपी, कुणी भिंतीची सूज. २००७ साली गुणसूत्र क्रमांक ९ वर अशी एक जागा सापडली. ती जगभर कितीतरी लोकांत आहे आणि धोका थोडा वाढवते, पण ती असलेल्या बहुतेकांना लवकर अटॅक येत नाही.

मग घराण्याचा काहीच संबंध नाही? आहे, आणि चांगलाच आहे. स्वीडनमध्ये २१ हजार जुळ्यांचा अभ्यास झाला, १९९४ साली छापून आला. एक जुळा भाऊ ५५ वर्षांच्या आत हृदयविकाराने गेला असेल तर दुसऱ्याचा धोका किती? अगदी हुबेहूब जुळे, म्हणजे सगळी जनुकं सारखी असतील, तर धोका ८ पट. साधे जुळे, म्हणजे सख्ख्या भावांइतकीच जनुकं सारखी, तर जवळपास ४ पट. दोघेही एकाच घरात, एकाच ताटात वाढलेले. तरी फरक पडला, म्हणजे जनुकांचं वजन आहे. पण त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. पहिला भाऊ जितक्या उशिरा गेला, तितका दुसऱ्याचा जास्तीचा धोका कमी होत गेला. म्हणजे आजोबा ऐंशीव्या वर्षी हार्टने गेले, तर त्याला "घराण्यातलं" म्हणायचं फारसं कारण नाही. बाबा ४८ व्या वर्षी? हो, ते मनावर घ्यायला हवं.

डॉक्टर यासाठी साधी रेघ आखतात. वडील किंवा भाऊ यांना ५५ च्या आत, आई किंवा बहीण यांना ६५ च्या आत अटॅक आला असेल, तर घराण्याचा इतिहास आहे असं समजायचं.

दोन गोष्टी मात्र थेट रक्तातून येतात

आता अपवाद. हे नीट ऐका, कारण आपल्याकडे हे बहुतेकांना कुणी सांगितलेलंच नसतं.

पहिली गोष्ट: घराण्यातून येणारं जास्त कोलेस्टेरॉल. आपलं यकृत रक्तातलं एलडीएल पकडून आत ओढतं. पकडण्यासाठी त्याच्या पेशींवर जणू हात असतात. मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन या दोन शास्त्रज्ञांनी हे हात शोधले आणि त्यासाठी त्यांना १९८५ चं नोबेल मिळालं. काही लोकांत या हातांचं जनुक जन्मतःच बिघडलेलं असतं. अशा माणसाचं एलडीएल लहानपणापासूनच जास्त राहतं, मग तो शाकाहारी असो, बारीक असो, रोज पाच किलोमीटर पळणारा असो. जगात साधारण २५० माणसांत एक असा असतो. आणि सिकलसेलपेक्षा वेगळं म्हणजे, इथे एकाच पालकाकडून आलेलं बिघडलेलं जनुक पुरतं. प्रत्येक मुलाला ते मिळण्याची शक्यता निम्मी.

ओळखायचं कसं? एलडीएल १९० च्या वर असेल आणि घरात लवकर अटॅकचा इतिहास असेल तर डॉक्टरांना शंका येते. काहींच्या टाचेच्या वरची दोर जाड झालेली असते, काहींच्या पापणीजवळ पिवळट गाठी येतात. इथे नुसतं पथ्य पुरत नाही, गोळी लागते. ती गोळी, स्टॅटिन, आज कुठल्याही मेडिकलमध्ये चिठ्ठीवर मिळणारी आणि जेनेरिकमध्ये स्वस्त आहे. घरात एकाला हे सापडलं की भाऊ, बहीण, मुलं, सगळ्यांची तपासणी करायची.

दुसरी गोष्ट: लायपोप्रोटीन-ए. हा एलडीएलचाच एक भाऊबंद, पण अंगाला एक चिकट शेपटी असलेला. रक्तात तो किती असणार हे जवळजवळ पूर्ण जनुकांवर ठरतं आणि आयुष्यभर फारसं बदलत नाही. पथ्य-व्यायामाने तो खास हलत नाही. भारतीय वंशाच्या लोकांत तो गोऱ्या युरोपीय लोकांपेक्षा जास्त आढळतो. आयुष्यात एकदा तपासला तरी चालतो. नेहमीच्या लिपिड प्रोफाइलमध्ये तो नसतो, वेगळा सांगावा लागतो.

सख्खी भावंडं, एक लंडनला, एक पंजाबात

"जनुकं की राहणीमान?" याचं मला आवडणारं उत्तर १९९५ च्या एका अभ्यासात आहे. लंडनच्या पश्चिम भागात राहणारे भारतीय आणि पंजाबात राहिलेली त्यांची सख्खी भावंडं, या दोघांची तपासणी केली. आई-बाप तेच, रक्त तेच. लंडनवाल्यांचं वजन, बीपी, कोलेस्टेरॉल गावातल्या भावंडांपेक्षा जास्त निघालं. पण लायपोप्रोटीन-ए? दोन्हीकडे जवळपास सारखं, आणि दोन्हीकडे गोऱ्या लोकांपेक्षा जास्त.

म्हणजे काय झालं? भावंडं गावात होती तेव्हाही ती जनुकं होतीच. परदेशात गेल्यावर नवीन जनुकं आली नाहीत. बदललं ते ताट, काम आणि चालणं. आता लंडनला जायचीही गरज नाही. नागपूर-हैदराबाद हायवे पांढरकवड्यावरून जातो. मोटरसायकल आली, डवरणी-फवारणीची यंत्रं आली, ज्वारीची भाकर मागे पडली, हायवेवर समोसा-आलूबोंडा दिवसभर तळला जातो. जे लंडनला विमानाने गेल्यावर घडलं, ते आपल्याकडे घरबसल्या घडतंय.

पुण्याचे डॉक्टर, लंडनचे डॉक्टर आणि "मी तर बारीक आहे"

आपल्याकडे सगळ्यात मोठा गैरसमज कोणता? "अटॅक जाड्या लोकांना येतो." पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे त्यांचे सहकारी जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक, म्हणजे बीएमआय, अगदी एकच: २२.३. दिसायला दोघेही सडपातळ. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के! काटा एकच आकडा दाखवतो, आत गोष्ट वेगळी असते.

आणि हे कुठून सुरू होतं? याज्ञिकांच्या गटाने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर बायकांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास सुरू केला. तिथल्या बाळांचं सरासरी वजन २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउथहॅम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. आपली बाळं सगळ्या बाजूंनी लहान. स्नायू कमी, पोट-यकृताचा भाग लहान. पण कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने टिकून राहिलेली. म्हणजे बारीक, पण आतून चरबीवालं बाळ. हे सगळं जनुकांतून आलेलं असेलच असं नाही. पोटात असताना आईला काय खायला मिळालं, तिने किती कष्ट उपसले, याचा त्यात हात असतो. पुढे त्याच बाळाला मोठेपणी भरपूर खाणं आणि बैठं काम मिळालं, की साखर वाढते, ट्रायग्लिसराइड वाढतं, आणि वाहिनीची भिंत त्याची किंमत मोजते.

म्हणून जनुकं आणि राहणीमान यांच्यामध्ये एक तिसरा हिस्सेदार धरा: आईचं पोट. आणि काट्यासोबत टेपही वापरा. पुरुषांची कंबर ९० सेंटिमीटरच्या वर आणि बायकांची ८० च्या वर गेली, तर बीएमआय काहीही म्हणो, सावध व्हायचं.

आता खर्‍याची गोष्ट

विदर्भाबाहेरच्या श्रोत्यांसाठी: खर्रा म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीवर घोटून दिलेला माल. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे, पण पानठेल्यावर समोर घोटून मिळणारा खर्रा लोकांना गुटख्यासारखा वाटत नाही. "मी सिगरेट कुठे ओढतो?" हे आपलं ठरलेलं उत्तर.

२०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रात ओढणारे प्रौढ ३.८ टक्के होते, आणि चघळणारे, खाणारे, घासणारे २४.४ टक्के. म्हणजे आपल्या राज्यात तंबाखू मुख्यतः तोंडातूनच जाते. तोंडाच्या कॅन्सरचे फोटो पुडीवर असतात, त्यामुळे ते माहीत आहे. हृदयाचं मात्र कुणी बोलत नाही. इंटरहार्ट नावाचा ५२ देशांतला मोठा अभ्यास आहे. त्यात नुसती तंबाखू चघळणाऱ्यांना अटॅकची शक्यता तंबाखूपासून लांब असणाऱ्यांच्या दुपटीहून जास्त दिसली, २.२३ पट. जे ओढतात आणि चघळतातही, त्यांना ४ पट. निकोटीन गालातून रक्तात गेलं काय आणि फुप्फुसातून गेलं काय, नाडी वाढते, बीपी वाढतं, वाहिन्या आवळतात.

याच इंटरहार्टमधली आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला अटॅक मध्यमान ५३ व्या वर्षी येतो, बाकी जगात ५९ च्या आसपास. सहा वर्षं आधी! लोक लगेच म्हणतात, "आपली जनुकंच तशी." पण संशोधकांनी तंबाखू, कोलेस्टेरॉल, बीपी, शुगर, पोटाचा घेर, ताण, फळं-भाज्या, व्यायाम, दारू हे नऊ घटक हिशोबात धरले, तेव्हा वयातला तो फरक बऱ्याच अंशी याच घटकांनी समजला. आपल्याकडे हे घटक कमी वयातच येऊन बसतात. ताणही त्या यादीत आहे हे विसरू नका. कापसाचा भाव, पावसाचा भरवसा नाही, कर्ज, हे सगळं ज्याच्या डोक्यावर आहे त्याला "टेन्शन घेऊ नका" म्हणणं सोपं असतं. पण निदान तो ताण खर्‍याने उतरत नाही, एवढं तरी कळायला हवं.

घरातल्या आई-आजीसाठी एक गोष्ट वेगळी. त्या खर्रा खात नसतील, पण पऱ्हाट्या जाळून चुलीवर स्वयंपाक करत असतील तर तो धूरही मोजायचा. धुरातले बारीक कण फुप्फुसात खोल जातात आणि वाहिन्यांची सूज वाढवतात.

मग सोडून फायदा आहे का? हा घ्या हिशोब

प्लाक म्हणजे एलडीएल गुणिले वर्षं. हिशोब ढोबळ आहे, पण उपयोगी आहे. २०० एलडीएल घेऊन ३० वर्षं जगलेला माणूस आणि १०० घेऊन ६० वर्षं जगलेला माणूस, दोघांच्या भिंतीवर पडलेलं ओझं सारखंच: ६०००. खर्रा, बीपी, शुगर ही त्या ओझ्यावरची व्याजं.

याचा पुरावाही निसर्गानेच दिला. काही लोक पीसीएसके-९ नावाच्या जनुकातला एक बदल घेऊन जन्मतात आणि त्यांचं एलडीएल जन्मापासून कमी असतं. अमेरिकेत २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा कृष्णवर्णीय लोकांचं एलडीएल फक्त २८ टक्के कमी होतं, पण हृदयविकार मात्र ८८ टक्के कमी! का? कारण ते थोडं कमी असणं आयुष्यभर चालू होतं. लवकर सुरुवात केली की थोडासुद्धा फरक मोठा होतो. हीच विशी-पंचविशीची ताकद आहे.

आणि ज्यांची जनुकं वाईट आहेत त्यांचं काय? २०१६ साली ५५ हजारांहून जास्त लोकांच्या माहितीवर हेच तपासलं गेलं. हे लोक बहुतेक युरोपीय वंशाचे होते, हे लक्षात ठेवून ऐका. ज्यांचा जनुकीय धोका सगळ्यात जास्त होता, त्यांच्यातही धूम्रपान नाही, लठ्ठपणा नाही, नियमित व्यायाम, चांगला आहार, या चारपैकी किमान तीन गोष्टी पाळणाऱ्यांचा धोका न पाळणाऱ्यांपेक्षा जवळपास निम्मा होता.

म्हणजे "येणारच असेल तर सोडून काय फायदा?" याचं उत्तर उलटं आहे. ज्याच्या घराण्यात आहे, त्याचाच फायदा सगळ्यात मोठा. ज्याच्या शेताला आधीच उतार आहे, त्यानेच बांध आधी घालायचा असतो.

करायचं काय?

यादी छोटी ठेवतो:

१. वय वीसच्या पुढे असेल तर एकदा लिपिड प्रोफाइल, शुगर आणि बीपी. घराण्यात लवकर अटॅक असेल तर डॉक्टरांना लायपोप्रोटीन-ए बद्दलही विचारा. तिशीनंतर बीपी-शुगरची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात, उपकेंद्रात मोफत होते.

२. घरातल्या मोठ्यांना विचारा: कुणाला, कितव्या वर्षी, काय झालं होतं? मोबाईलमध्ये लिहून ठेवा. डॉक्टरांसमोर ही एक नोंद महागड्या जनुकीय तपासणीपेक्षा आधी कामाला येते.

३. खर्रा बंद. "कमी करतो" नाही, बंद. एकट्याने जमत नसेल तर १८०० ११ २३५६ या राष्ट्रीय तंबाखूमुक्ती हेल्पलाइनवर फोन करा.

४. ताटात भाकर, वरण, भाजी, जवसाची चटणी हे परत आणा. पुन्हा पुन्हा तापवलेल्या तेलातलं तळण आणि डालडा कमी. २०२२ पासून देशात तेल-तुपातल्या ट्रान्स फॅटवर २ टक्क्यांची मर्यादा आहे, पण कढईत दिवसभर काळं होणारं तेल कायद्याने सुधारत नाही.

५. डॉक्टरांनी कोलेस्टेरॉलची किंवा बीपीची गोळी लिहून दिली असेल, तर "आता बरं वाटतंय" म्हणून बंद करू नका. प्लाक बनताना काहीच वाटत नाही.

आणि एक गोष्ट यादीबाहेरची. छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, दरदरून घाम, जीव घाबरा होणं, असं काही झालं तर "गॅस झाला असेल" म्हणून रात्र काढू नका. १०८ ला फोन करा आणि जवळच्या सरकारी दवाखान्यात ईसीजी काढा. पांढरकवड्याहून यवतमाळचं मेडिकल कॉलेजही लांब आणि नागपूर तर त्याहून कितीतरी लांब. त्या रस्त्यावर जाणारा वेळ हृदयाच्या स्नायूतून वजा होतो. म्हणून घरातून निघायला उशीर नको.

तुमच्या घराण्यात असा इतिहास असेल तर हा भाग भावा-बहिणींच्या ग्रुपवर टाका. प्रश्न असतील तर व्हॉइस नोट पाठवा, वऱ्हाडीत पाठवली तरी चालते, उलट आवडते. पुढच्या भागात बोलू बीपीच्या मशीनबद्दल: घरी मोजताना आकडा दर वेळी वेगळा का येतो, आणि त्यातला कोणता खरा धरायचा. तोपर्यंत काळजी घ्या!